पाच जूनला अडून बसलेलं यंत्र

पोरांनो, परवा तुमच्यापैकी एकीने फोनवर सांगितलं, तिच्या ऑफिसातल्या संगणकांपैकी एक बंद होऊन पुन्हा सुरूच होईना आणि तिला रडू आलं. वर म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं." म्हणून आजच लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात, विहिरींच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या कचेरीत होते. आमचे तीन संगणक होते: नागपूर, रामटेक, भिवापूर. प्रत्येकाकडे आपापल्या भागाच्या नोंदी असत आणि टेलिफोनच्या तारेवरून त्यांच्या नकला इतर दोघांकडे जात. कुहीचा भाग माझ्या यंत्रात होता. त्या आठवड्यात तार बिघडलेली, म्हणून कुहीच्या ताज्या नोंदी दुसरीकडे पोचल्याच नव्हत्या. शनिवारी दुपारी टँकरच्या गावांची यादी जायची होती. जुन्या नोंदींत कुहीच्या विहिरींना पाणी होतं. आता त्या कोरड्या पडल्या होत्या.

शुक्रवारी, पाच जूनला, वीज गेली. परत आल्यावर यंत्राने, माझ्यासमोर पहिल्यांदाच, तारीख विचारली, मी नीट घातली. पडद्यावर एकच ओळ: नोंदींचा मेळ नाही, सुरू होता येत नाही. बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तारीख घातली. पुन्हा तीच ओळ. संध्याकाळपर्यंत हेच. कूलर गरम हवा फेकत होता आणि मला त्या पडद्यावर पेपरवेट मारावासा वाटत होता.

कुहीची मोजमापं आणणारे काका समोर बसले होते. "बाई, मी उन्हात वाकून वाकून विहिरीत दोरी सोडली, अन् तुमचा डब्बा गिळून बसला? काहून?"

"तुमच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"मले काय इचारता? नोंद झाली का फाडून फेका, हे तुम्हीच सांगितलं न जी!"

खरं होतं. टेबलावर कागद साठलेले मला खपत नसत.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, सगळं पुसा आणि रामटेकची नक्कल घ्या."

"त्यात कुहीच्या ताज्या नोंदी नाहीत."

"मग त्या गेल्या समजा."

मी फोन आपटला.

शनिवारी सकाळी, पुसण्याआधी शेवटचं म्हणून, सहा-सहा अशी तारीख घातली. यंत्र निमूट सुरू झालं. मी वेगळं काहीच केलं नव्हतं! आनंदाआधी संतापच आला. पुस्तिका उघडली तेव्हा उलगडलं: यंत्र आधी महिना मागत होतं, मग दिवस. पाच-सहा म्हणजे त्याच्या लेखी सहा मे, आणि पोटात तर जूनच्या नोंदी. म्हणून ते अडलं. सहा-सहा मात्र कसंही वाचा, सारखंच. इतकं इंग्रजी शिकून मी ते पहिलं पान वाचलं नव्हतं.

सकाळीच पुन्हा येऊन बसलेले काका हसले. "म्हंजे डब्बा बरोबर होता, बाईच चुकल्या!"

"हो," मी म्हणाले, आणि यादी छापायला घेतली. ती वेळेत गेली. कुहीला टँकर मिळाले.

तिन्ही यंत्रं पुढे भंगारात गेली. त्या यादीची एक प्रत माझ्या कपाटात आहे. शाई फिकी झाली आहे, पण कुहीची सगळी गावं वाचता येतात.