सुतकातले तांदूळ

रविवारची दुपार. वाचता वाचता पुस्तक छातीवर उपडं पडलंय, पंख्याचा आवाज हळूहळू दुसऱ्याच कुणाच्या घरातून आल्यासारखा येतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच मला तो बुधवार दिसायला लागतो. आईचा शेवटचा साधा दिवस.

ती ओट्याशी उभी आहे. तांदळाच्या पिंपात हात घालते, एक मूठ काढते आणि कोपऱ्यातल्या पितळी डब्यात टाकते. आधी ही मूठ, मग घरचं माप. मला कळतं तेव्हापासून हे असंच चालत आलंय. आठवडा भरला की चौगुले मावशी येतात आणि डबा पिशवीत रिकामा करून दवाखान्यामागच्या शिधाघरात नेतात. मिरजेला लांबलांबून पेशंट येतात. त्यांच्यासोबतच्या माणसांना शिधाघरात डाळ-तांदूळ मिळतात आणि शिजवायला शेगडी. वाटपाच्या खिडकीत दुपारी आई बसते.

"मी महिन्याला पोतंच पाठवते की," मी म्हणते. "या मुठीनं कुणाचं काय भागतंय?"

"पाठव. कोण नको म्हणतंय? माझ्या मुठीला हात लावू नकोस म्हणजे झालं."

"मग तांदूळ तरी साधा घाल. इंद्रायणी कशाला?"

"तू काय खातेस?"

"इंद्रायणी."

"मग?"

ती माझं ताट वाढते. स्वतः बसत नाही. "तू जेवून घे. अथणीच्या त्या बाईच्या नवऱ्याचं आज ऑपरेशन आहे, तिच्या पोटात काही गेलंय का बघून येते." चपला घालते आणि जाते. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवते, हाक मारते, आणि ती उठत नाही.

पुढचं आठवलं की मला झोपेतसुद्धा चीड येते. सुतकाच्या दिवसांतही रोज भात लावताना माझा हात आपोआप पिंपात जात राहिला, डब्यात मूठ पडत राहिली. सुतकात घरातलं काही बाहेर द्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. चौगुले मावशींनी येऊन झाकण उघडलं, आणि लगेच लावून टाकलं.

"हे सुतकातलं गं, वैजू. तिथली माणसं आधीच देव पाण्यात घालून बसलेली. कळलं तर घशाखाली उतरेल का त्यांच्या?"

"मग मी खाऊन टाकते."

"छे छे! देण्यासाठी काढलेलं परत नाही घ्यायचं."

झालं. देता येत नाही, खाता येत नाही. फेकावं तर डब्यात वरचे तांदूळ माझे असले तरी तळाचे आईच्या हातचे आहेत. वर्ष होत आलं, डबा तिथंच आहे. मी नवी मूठ काढणंही सोडून दिलंय. ही असली कोंडी करून ठेवून गेलेली बाई एकदा भेटली पाहिजे, असं मी चिडून स्वतःशी म्हणते, आणि कूस बदलते.

कूस बदलते तर मी रांगेत उभी आहे.

हातात डबा आहे. रांग आमच्या स्वयंपाकघरातून निघाली आहे आणि माझ्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या कपाटांमधून पुढं गेली आहे. दोन कपाटांच्या मधे बायका शेगड्या पेटवून बसल्या आहेत. पुस्तकांच्या जागी मीठ, तिखट, तेलाच्या बाटल्या. फरशी दवाखान्यासारखी नुकती पुसलेली, फिनेलचा वास. कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. मलाही नाही. टोकाला खिडकी आहे, आणि खिडकीत आई.

मी रांग सोडून पुढं धावते. "आई!"

"लाइनीत ये."

"अगं, मी आहे. वैजू."

"सगळेच कुणी ना कुणी आहेत, बाई. लाइनीत ये."

मी डबा तिच्या पुढ्यात आदळते. "हा घे आधी. सोडव मला यातून."

ती झाकण काढते, बोटानं तांदूळ चाळवते. "सोंडे झालेत. उन्हात नाही घातलेस?"

"एवढंच विचारायचंय तुला?"

"कडुलिंबाचा पाला तरी टाकायचास."

"आई, मावशी म्हणतात देता येत नाही, खाता येत नाही. मग मी करू काय याचं?"

"देणाऱ्यांची खिडकी ही नव्हे. इथं घेणारे येतात. तुला घ्यायचंय का काही?"

मागून एक टोपीवाले आजोबा ओरडतात, "ओ ताई, सरका की! आमचं पेशंट वर एकटंच आहे."

आणि आई, जी माझ्याकडे मान वर करून बघत नाही, ती त्यांच्याकडे लगेच वळते. "काका, झोप लागली का रात्री त्यांना? पेज उतरते का? तुम्ही जेवलात?" एकेक प्रश्न. आजोबा एकेक उत्तर देतात. मी बाजूला उभी राहून ऐकते. यातला एक प्रश्न, कुठलाही एक, मला विचारला असता तरी चाललं असतं.

"मी जेवले का ते नाही विचारलंस," मी म्हणते. पण मी आता खिडकीशी नाही. रांगेच्या पार शेवटाला आहे, आमच्या गल्लीत, दारासमोरच्या नळाजवळ. हातात डबा नाही, कापडी पिशवी आहे. ती माझ्या हातात कुणी दिली ते आठवत नाही.

आता धावायचं नाही. एकेक पाऊल. पुढची बाई घेऊन जाते, मी पुढं सरकते. गल्ली संपून खिडकी येते.

आई मान खाली घालून माप पुसते आहे. "घरात माणसं किती?"

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारते. शिधा माणसांच्या हिशेबानं द्यायचा असतो.

"एक."

माप पुसणारा हात थांबतो. "एकच?"

"एकच."

"बरोबर कुणी नाही?"

"होतं."

आता ती वर बघते. चष्म्याच्या काचेवर पिठाचा कण आहे. ती मला ओळखते. मग तिच्या बाजूनं तोच पितळी डबा पुढं ओढते आणि आत हात घालते.

"पिशवी राहू दे. हात पुढं कर."

"आई, हे सुतकातलं आहे."

"कुणाचं सुतक?"

मी हात पुढं करते.

"माझंच ना? मग तुला कसलं बाधतंय ते?" ती माझ्या तळव्यावर तांदूळ सोडते, माझी बोटं एकेक करून मिटवते. तिचा हात कोरडा आहे, ऊबदार आहे. "तू परत घेतलं नाहीस. तुला दिलंय. आता मुकाट्यानं शिजवायचं आणि बसून खायचं. पुस्तक बाजूला ठेवून. घट्ट धर, सांडशील." आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागं बघत, "चला, पुढचे!"

"थांब. माझं झालं नाही अजून."

"वैजू, मागं लाइन बघ केवढी आहे."

"असू दे लाइन! लाइन कधी नव्हती? तू रोज तिकडंच—"

मागच्यांची कोपरं लागतात. मी खिडकीचा गज धरायला जाते, पण एक हात मुठीत अडकलेला, दुसऱ्यात पिशवी. आई पुढच्या बाईला विचारते आहे, घरात माणसं किती. मला वाक्य पुरं करायचंय. तोंड उघडतं, आवाज फुटत नाही. मी आणखी जोर लावते, आणखी—

पंखा बंद आहे. लाइट गेलेली. उशी घामानं ओली झाली आहे आणि बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारतंय, ती सुरू होत नाही.

माझी उजवी मूठ अजून आवळलेली आहे. उघडत नाही, इतकी. डाव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं. आत तांदूळ नाहीत, अर्थातच. तळव्यावर चार नखं रुतल्याच्या खुणा आहेत, कोरलेल्या, आणि करंगळीखालची थोडी रक्ताळलेली.

मी उठून बसते. घरात कुणी नाही, तरी ओशाळल्यासारखं होतं. घसा खाकरते आणि कुणी ऐकावं एवढ्या मोठ्यानं बोलते.

"सगळ्यांना पुरलीस तू, आई. मला नाही पुरलीस."