हजेरीचा बाक

जूनचा दुसरा सोमवार. मागितलेली रक्कम सहा हजार. हजर: मी, बायको, आमची चार वर्षांची लेक आणि कडावजवळच्या एका बालवर्गाच्या मॅडम. लेक माझ्या मांडीवर बसून मॅडमच्या पेनाचं टोपण चघळत होती, त्यामुळे तिच्या हजेरीबद्दल शंका नको.

तिचे पाय डगमगतात, बोलायला जीभ वळत नाही. कान मात्र तिखट. बिस्किटाचा पुडा दोन खोल्यांपलीकडे फुटला तरी तिला कळतं.

सहा हजार हे नेहमीच्या फीवरचं ‘विशेष लक्ष शुल्क’. मी विचारलं, “मग बाकीच्यांकडे दुर्लक्ष करता?” बायकोनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

मॅडमनी हसू फाइलीआड लपवलं. “महिनाभर जादा शुल्काशिवाय बसवू. वर्गात मिसळली तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा.”

दुसरीकडे म्हणजे थेट पनवेल. रोज नेणार कोण? मी खोपोलीच्या कारखान्यात हिशेब लिहितो, बायकोला घरचं दूधदुभतं. म्हणजे लेक घरीच.

मिसळण्याची पहिली परीक्षा हजेरी. नाव पुकारलं की “प्रेझेंट मॅम” म्हणायचं. कुणी ‘पेजंट’ म्हणे, एकजण तर रोज ‘पेशंट’. आमची लेक बाकावर दणकून थाप मारायची. नियमाच्या पक्क्या मॅडम तिची गैरहजेरी लावायच्या. बायको तिला सोडायला गेली की शाळेच्या ओट्यावर बसून हे ऐकायची आणि रात्री मला ऐकवायची.

चौथ्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी बसणारी मुलगी भडकली. “मॅम, ती हाय ना! माझा लाडू कोनी खाल्ला मंग?”

“तोंडानं सांगायला हवं, बाळा.”

“हातानं सांगते ती. तुमाला ऐकू येत नाय काय?”

दुसऱ्या दिवशी तिनंही थाप मारली. आठवड्यात सगळा वर्ग बाक बडवू लागला, आणि मॅडमनी मला बोलावलं.

“तुमच्या मुलीनं वर्ग बिघडवला. आता कुणीच प्रेझेंट म्हणत नाही.”

“आधी नीट किती म्हणायचे?”

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “एक. त्याची आई शिक्षिका आहे.”

“मग झालं की. तिनं वर्गात मिसळायचं होतं, तर वर्ग तिच्यात मिसळला. कुणी कुणात, हे अटीत नव्हतं.”

“उद्या हजेरीला या. मला काय ऐकावं लागतं ते तुम्हीही ऐका.”

गेलो. दारात उभा राहिलो. थापांमागून थापा. लेकीचं नाव शेवटी आलं. तिनं हात उचलला, आणि तिच्या बाकावर शेजारणीसकट चौघांनी एकदम हाणली. कडाड! फळी मधोमध तडकली. सगळ्यांनी हात मागे लपवले. लेक तेवढी खदाखदा हसत होती.

मॅडमनी आधी हजेरीपटावर खूण केली, मग फळीकडे पाहिलं.

“हजर,” त्या म्हणाल्या. “राहू दे तिला इथंच. फळी मात्र तुमच्याकडे.”

जाड लाकूड लाव, असं सुताराला मीच सांगितलं.

शेवटी दिले ते असे: विशेष लक्षाचे शाळेला शून्य. फळीचे साडेतीनशे, कडावच्या सुताराला, रोख.