काळी पाच आणि बिनमुंडक्याची गिटार

शिनोलीचा राकेश आरंभशूर होता आणि ही कीर्ती त्याने स्वतःच गावभर पसरवली होती. घोडेगावात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर काहीतरी बघता बघता त्याच्या डोक्यात एक खूळ शिरायचं आणि चार दिवसांनी ते कुरिअरवाल्याच्या हातून घरी यायचं. माशांची काचेची पेटी अशीच आली. मासे आठवडाभरात गेले आणि त्या पेटीत ज्योत्स्ना, म्हणजे त्याची बायको, आता कांदे ठेवायची. डंबेल आले, ते वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावायच्या कामी आले. बासरी आली, तिच्यातून शेवटपर्यंत हवाच आली. या सगळ्या वस्तू तो पाहुण्यांना स्वतःच हौसेने दाखवायचा. लोकांनी हसण्याआधी आपणच हसून घेतलं की कमी लागतं, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

चाळिशीला टेकल्यावर त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. चांगल्या कंपनीच्या गिटारीची किंमत वाचूनच त्याने ते पान बंद केलं आणि जिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं अशा कंपनीची स्वस्तातली घेतली. ती बिनडोक्याची होती. साध्या गिटारीला वर एक डोकं असतं आणि तारा पिळायच्या खुंट्या त्या डोक्याला असतात. हिच्या खुंट्या खाली पोटाशी होत्या आणि मान वर जाऊन एकदम संपत होती. डिंगोऱ्याचा समर्थ, राकेशचा कॉलेजातला दोस्त, लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्याने हीच गिटार आधी घेतली होती आणि लई हलकी, गाडीवर सहज बसते, अशी तिची तारीफ केली होती. राकेशने तेवढ्यावर न थांबता, ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्या सगळ्यांचे अनुभव मोबाईलवर वाचून काढले. कुणी तिचा आवाज वाखाणला होता, कुणी रंग. शिनोलीत ती खोक्यातून बाहेर काढल्यावर काय होईल, ते मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

आईने, जानकाबाईने, आधी खोकं उलटं करून झटकलं. मग थर्माकोलचे तुकडे चाचपले आणि मुंडकं आतच राहिलं की काय, असं विचारलं. असा मोडका नग गळ्यात मारलाय तर पावती आहे तोवर परत कर, असा सल्लाही दिला. दोन दिवसांत गल्लीला विषय मिळाला. येताना वाटेत बिबट्याने मुंडकं नेलं का, असं जो तो विचारू लागला. आमच्याकडे उसात बिबट्या असतोच, त्यामुळे विचारणारा निम्मा गंभीरही असायचा. राकेशने मग आपलं नेहमीचं हत्यार काढलं. कुणी तोंड उघडायच्या आत तो म्हणायचा, मालक तसा माल, डोकं दोघांनाही नाही.

बाकीचे अनुभव हळूहळू येत गेले. भिंतीला टांगायला त्याने खास हूक आणला होता. तो हूक गिटारीच्या डोक्याखाली अडकतो, आणि इथे डोकंच नव्हतं. गिटार सुळकन खाली आली ती तांदळाच्या पिंपावर. सूर बघायचं एक छोटं यंत्र मिळतं, तेही गिटारीच्या डोक्यालाच चिमट्याने लावतात. ते त्याने गिटारीच्या सोबत घेतलं होतं. पुढे ज्योत्स्ना त्या चिमट्याने दुधाच्या पिशवीचं तोंड बंद करू लागली. राकेश मोबाईलवर सूर बघून गिटार लावायचा. वर्षभरात तो चार पकडी, म्हणजे कॉर्ड, शिकला. त्यातल्या तीन भरवशाच्या होत्या आणि चौथी बोटांच्या मर्जीवर होती.

हे असंच चाललं असतं आणि गिटारही एक दिवस कांद्यांच्या शेजारी गेली असती. पण मधे दादा आले.

दादा म्हणजे राकेशचे वडील, तुळशीदास. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती काळी पाच म्हणून. पेटीच्या पट्ट्यांतली ही पाचवी काळी पट्टी. तिला षड्ज धरून गायचं म्हणजे गळा उंच लागतो, पुरुषाला सहसा पेलत नाही. दादांनी तरुणपणापासून काळी पाच सोडली नव्हती. ज्यांनी आयुष्यात पेटीला हात लावला नाही तेसुद्धा गावात सांगायचे, तुळशीदास काळी पाचच्या खाली उतरत नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, विहारासमोरच्या मैदानात दादांचं गाणं व्हायचं आणि शेवटचं भीमगीत त्यांचं स्वतःचं असायचं. आपल्या आईवर रचलेलं. त्या माउलीने सही करायला शिकून अंगठ्याची शाई कायमची धुऊन टाकली, अशी त्यात एक ओळ होती आणि ती ओळ उंच जायची. तिथे आले की म्हातारी माणसं डोळ्याला पदर लावायची.

गेल्या काही वर्षांत त्या ओळीवर दादांचा आवाज फाटत होता. पेटीवर त्यांचे जुने जोडीदार हौशीराम असायचे. ती ओळ आली की ते भाता जोरात ओढून पेटी अशी काही भरून टाकायचे की फाटलेला आवाज तिच्याखाली झाकून जायचा. सगळ्या मैदानाला हे ठाऊक होतं. कुणी कधी बोललं नाही.

यंदा हौशीराम डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून लेकीकडे पिंपरीला गेले ते जयंतीपर्यंत परतणार नव्हते. तरण्या पोरांनी मोबाईलवरचं तयार संगीत लावू म्हणून सुचवलं. दादा म्हणाले, मोबाईल आपल्या दमासाठी थांबत नाही. त्या दुपारी जेवताना त्यांनी राकेशकडे न बघताच विचारलं, "तुझं ते बिनमुंडक्याचं वाजतं का नुसतंच हाय?"

"वाजतं की," राकेश म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याने घास गिळला.

आईने त्याला नंतर स्वयंपाकघरात गाठलं. तिने हळू आवाजात सांगितलं, "यंदा गळा फाटला तर पुना उभं न्हाई राह्यचं, आसं म्हनलेत. तू नीट वाजव बाबा." म्हणजे दादांच्या आयुष्यभराच्या गाण्याचं काय व्हायचं ते आता राकेशच्या साडेतीन पकडींवर येऊन ठेपलं होतं. बासरीचं काय झालं हे आठवून त्याला रात्रीची भाकरी गेली नाही.

रोज सकाळी ओट्यावर सराव सुरू झाला. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात एक चिमटा लावला की त्याला येणाऱ्या पकडी बरोबर काळी पाचवर बसतात, हे समर्थने फोनवर शिकवलं होतं. दादा समजूतदारपणे ठेका धरत, राकेश चुकला की थांबत. फक्त ती उंच ओळ ते कधी गायले नाहीत. तिथे नुसतं गुणगुणून पुढे जायचे. मैदानासाठी राखून ठेवतायत, असं राकेशला वाटलं.

आता कार्यक्रम नीट होऊ द्यायचा तर गप्प बसावं. पण आदल्या दिवशी राकेशला गिटारीला नव्या तारा घालायची हौस आली. या गिटारीत तारेचं वरचं टोक एका बारीक स्क्रूखाली दाबून आवळायचं असतं. जास्त आवळशील तर आटे जातील, बेतानं घे, असं समर्थ म्हणाला होता. राकेशने इतक्या बेतानं घेतलं की त्याला आवळणं म्हणणं धाडसाचंच होतं.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान भरलं. निळे झेंडे लागले होते, भाषणं आटोपली होती, समर्थही डिंगोऱ्याहून मुद्दाम आला होता. राकेश स्टेजवर बसला आणि गिटारीवर बोट फिरवलं तर सुतळी छेडल्यासारखा आवाज आला. सगळ्या तारा स्क्रूखालून सरकून ढिल्या पडल्या होत्या. त्याने घाईघाईने किल्लीने स्क्रू आवळले आणि पोटाशी असलेल्या खुंट्या पिळायला लागला. बाकीच्या तारा चढल्या, पण सगळ्यात जाड तारेची खुंटी अर्ध्यातच संपली. या गिटारीत खुंटीला ठरावीकच वाट असते. ती संपली की स्क्रू सोडून, तार ओढून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. आणि इकडे निवेदक दादांचं नाव घेत होता. सूर बघायला मोबाईल काढावा, तर भोंग्याच्या गोंगाटात मोबाईलला काही ऐकू येईना.

शेवटी त्याने हार मानली. जाड तार वर येत नाही, तर बाकीच्या पाचही तिच्याइतक्या खाली आणल्या आणि एकमेकींशी जुळवून घेतल्या. अडला हरी, दुसरं काय. आपसात तरी भांडत नाहीयेत ना, बास, असं त्याने मनाला समजावलं. शेजारी ढोलकीवर रविंद्र होता, दादांच्या पार्टीतला जुना गडी. त्याने गिटारीचा सूर ऐकला, राकेशकडे एकदा रोखून पाहिलं आणि ढोलकीही तेवढीच खाली आणायला तिच्या कड्या सैल केल्या. त्या नजरेने राकेशचे कान तापले. आता दादांना कळणार, माईकवरच आपली पूजा बांधली जाणार, असं त्याने गृहीत धरलं.

दादांनी डोळे मिटून सूर घेतला. क्षणभर थांबले. राकेशने मान खाली घातली. मग ते गायला लागले.

पहिली गाणी बरी झाली. शेवटचं आलं आणि ती ओळ जवळ यायला लागली तसा राकेश आपल्या बोटांकडेच बघू लागला. नेमकी तिथेच ती मर्जीची चौथी पकड होती. बोटं गेली आणि तारांवर कुठेच बसेनात. चुकीचं वाजण्यापेक्षा नको, म्हणून त्याने हातच उचलला. पेटी नाही, गिटार नाही, रविंद्रनेही ढोलकी थांबवली. दादांचा उघडा आवाज त्या ओळीवर चढला आणि फाटला नाही. वर जाऊन थांबला. दादांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण त्यांनी तो सूर सोडलाच नाही, पुन्हा एकदा घेतला आणि मग तिसऱ्यांदाही. मैदानात पोरंटोरंसुद्धा गप्प झाली. जानकाबाई पुढच्या रांगेत होती. ती रडत होती आणि तिने पदर डोळ्याला लावलाच नाही.

नंतर राकेशला एवढे हार पडले की ते दुसऱ्या कुणाचे तरी चुकून आपल्या गळ्यात पडलेत असं त्याला वाटत राहिलं. जयंती समितीचे अध्यक्ष म्हणाले, पोरगा शहाणा, त्या ओळीला बापाला जागा करून दिली. राकेशने नमस्कार केला. समर्थ कानाशी येऊन म्हणाला की, अख्खी गिटार दोन घरं खाली लावून दादांना काळी चारवर घेतलंस, आणि लोकांना पत्ता नाही, मानलं राव. राकेश हसला. ते हसू कशाचं आहे हे समर्थला कळलं नाही.

घरी जाताना मात्र त्याला वेगळीच काळजी लागली. दादांना कुणी सांगितलं तर? कालपरवापर्यंत ज्या काळी पाचच्या नावावर ते जगले ते नाव आपल्या एका ढिल्या स्क्रूने गेलं, असं त्यांना वाटलं तर? त्याने ठरवलं, हे आपण बोलायचं नाही.

सकाळी तो उठला तेव्हा दादा ओट्यावर चहा घेत होते आणि गिटार त्यांच्या मांडीवर होती. धोतराच्या सोग्याने ते तिची मान पुसत होते. राकेश बाजूला बसला.

"खाली लावलीस," दादा म्हणाले.

राकेशने स्वतःवरचा एखादा विनोद शोधला. एरवी अशा वेळी तोंडाशी तयार असायचे. मग खरं सांगून टाकावं म्हणून त्याने खुंटीचा विषय काढायला तोंड उघडलं. पण दादा त्याच्याकडे बघतच नव्हते.

"मी किती वर्सं हौशीरामाला सांगावं म्हनत व्हतो, पट्टी खाली घे म्हनून. जीभच उचलली न्हाई. त्येलाबी कळत व्हतं, पन त्यो बिचारा मला सांभाळायचा. तू न सांगता केलंस. लई बरं केलंस."

राकेशला आता खरं सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी त्याला शाबासकी दिली होती आणि ती त्याने न केलेल्या कामाची होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त त्याला वाटलं की आपण हे खरोखर केलेलं असायला हवं होतं.

"हुईल तवर गाईन म्हनतो," दादा उठता उठता म्हणाले. "वय काय थांबनार न्हाई. दरसाल बघून थोडी थोडी खाली घेत जा. आन मला सांगत बसू नको." गिटार त्याच्या हातात देऊन ते आत गेले.

राकेश दुकानाला निघाला, पण अर्ध्या वाटेत गाडी बाजूला लावून त्याने समर्थला फोन केला. गिटार हवी तेवढीच खाली कशी आणायची, अगदी बारीक, ऐकणाऱ्याला कळणार नाही एवढी, ते शिकव म्हणाला. समर्थ म्हणाला की काल तर गुरूसारखी लावली होतीस, आता काय शिकायचंय.

"काल चुकून झालं रं," राकेश म्हणाला. "आता दरसाल करायचंय."