बाबांनी बंद केलेली गोळी

माझं कोणतंही सादरीकरण असो, आधी ते घरी मराठीत व्हायचं. हा बाबांचा नियम. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, विज्ञानाशी काडीचा संबंध नाही, पण जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून बसणार आणि म्हणणार, सांग. मी वैतागायचे. चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात बाबा दोन पानं धड वाचू देत नव्हते, आणि वर ही परीक्षा! पण ऐकतंय कोण?

तेव्हा माझी पीएच.डी. चालू होती. बाजारातून बर्फाच्या डब्यात बकऱ्याचा मेंदू आणायचा, त्यातल्या पेशींची आवरणं वेगळी करायची, आवरणातलं कोलेस्टेरॉल काढून घ्यायचं आणि तिथले सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे त्या रसायनाचा निरोप धरणारे रेणू, पूर्वीसारखं काम करतात का, ते बघायचं. बाबांना मी खाटेचं उदाहरण देऊन समजावलं. आवरण म्हणजे खाटेला विणलेली पट्टी, नवार; कोलेस्टेरॉल तिला ताण देतं. ते काढलं की नवार ढिली पडते, रिसेप्टरची बैठक बिघडते, मग मेंदूतला निरोप येऊनही त्याला नीट धरता येत नाही. कोलेस्टेरॉल परत घातलं की पकडही परत येते. बाबांनी दोनदा विचारून घेतलं, म्हणजे ते कमी झालं की निरोप चुकतो? मला दुसऱ्या दिवशीची घाई. मी हव, तसंच, म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

दोनेक महिन्यांनी आम्ही तात्यापाऱ्याच्या बाजारात सामान आणायला गेलो. बाबा दर दहा पावलांवर थांबून दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेला होता, त्याआधीही ते असेच थांबायचे. काय होतंय विचारलं, तर म्हणे ऊन लागून राहिलं. ऊन कसलं, दिवस मावळला होता! माझा जीव थाऱ्यावर राहिना. घरी आल्याआल्या, पायसुद्धा न धुता, मी त्यांचा औषधांचा डबा उपसला. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या. रक्त पातळ करायच्याही. कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्यांची पाकिटं मात्र जशीच्या तशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय वाट्टेल ते बोलले मी. जन्मभर घड्याळावर जगलात आणि आता स्वतःच्या जिवाशी खेळता? मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?

"माझी माय शेवटी शेवटी मले ओळखत नव्हती," बाबा म्हणाले. "छातीचं काय, दुखली त दवाखाना आहे. पण ह्या गोळीनं तुले विसरलो त काय करू?"

मी डबा बाजूला ठेवला. मग सांगत सुटले. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो हो, बाबा, रक्तातलं तिकडे जवळजवळ पोचतच नाही. मी काढते ते काचेच्या नळीत, वेगळ्याच रसायनाने, मेलेल्या बकऱ्याच्या पेशींमधून. तुमच्या गोळीचा त्याच्याशी काय संबंध? हे सगळं माझ्या सादरीकरणात होतं. शेवटच्या पानावर. घरी मी ते पान गाळलं होतं, कारण भूक लागली होती आणि बाबांचे प्रश्न संपत नव्हते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मी त्यांना चपला घालायला लावल्या आणि तशीच इस्पितळात घेऊन गेले. ईसीजी झाला. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि आजच दाखल व्हा म्हणाले, पुन्हा नळी तपासावी लागेल. मग मी सोबत आणलेली ती पाकिटं बघून, चष्मा काढून त्यांनी हिंदीत विचारलं, ही गोळी बंद करायला कोणी सांगितलं?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बाबांनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट दाबलं.

"किसी ने नहीं, साहब," ते म्हणाले. "मैं ही भूल जाता था."