आक्काच्या दुधावर आळ

आक्काचं नाव मी घेतलं. सांगवीत आता जो तो म्हणतो, गावानं म्हातारीवर उगाच आळ घेतला. गावानं नंतर घेतला. सुरुवात माझ्या तोंडून झाली.

गावात तिला दूधआक्का म्हणत. तिच्या तरुणपणी एखादी बाळंतीण आजारी पडली, की तिचं मूल आक्काकडं यायचं. एका बाजूला स्वतःचं लेकरू, दुसऱ्या बाजूला परक्याचं. त्या दुधाचा हक्क मात्र तिनं जन्मभर गाजवला. सरपंच मोटारसायकलवरून तसाच पुढं निघाला, तर ओट्यावरून आवाज यायचा, "आरं, माझं दूध पिऊन माझ्याच दारात धूळ उडवतोस व्हय?" सरपंच गाडी बंद करून पाया पडायचा.

माझा थोरला भाऊ, दादा, तिच्याच दुधावरचा. तो तान्हा असताना आई दोनेक महिने विषमज्वरानं पडली होती. पुढं दादा संसाराला लागला, तरी आक्का आली की त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायची आणि वाळलास म्हणायची. तो खरंच वाळला, तेव्हा ते पहिल्यांदा तिलाच दिसलं.

पन्नाशीनंतर दादाच्या मानेत गाठी आल्या, अंगावर चट्टे उठले. बारामतीहून पुण्याला नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला, तोही एका विषाणूमुळं होणारा, आपल्याकडं क्वचितच दिसणारा. दादा गेला.

मग पुण्याहून एक डॉक्टरबाई घरी आल्या. हा विषाणू आला कुठून, याचा त्या माग काढत होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं की तो बहुतेकदा तान्हेपणी अंगावरच्या दुधातून येतो, कधी रक्तातून, कधी नवराबायकोत. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं येत नाही. ज्यांच्या अंगात असतो, त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. यातलं 'दूध' तेवढं माझ्या कानात राहिलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत मी आक्काचं नाव सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी डेअरीवर, कॅनच्या रांगेत, तेच पुन्हा बोललो.

मग गावाचे डोळे बदलले. आक्काचं दूध प्यालेले बाप्ये गुपचूप बारामतीला जाऊन साखरेपासून काविळीपर्यंत सगळ्या तपासण्या करून आले. नेमकी ही तपासणी त्यांत नव्हतीच. लेकुरवाळ्या तिचा ओटा टाळू लागल्या. दोन घरांनी तिच्या म्हशीच्या दुधाचा रतीबसुद्धा तोडला. आक्का म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, म्हशीनं काय केलं?" लोक हसले, पण रतीब काही पुन्हा लागला नाही. आणि मी? ती आमच्याकडं चहा पिऊन गेली, की तिचा कप वेगळा ठेवायचो. आजार असा पसरत नाही, हे मला सांगितलेलं होतं, तरीही.

डॉक्टरबाईंनी रक्त मागितलं तेव्हा आक्कानं सगळ्यांच्या आधी हात पुढं केला. आईचं आणि माझंही घेतलं. निकाल ऐकायला बारामतीला जाताना, आपल्याला डॉक्टरांचं बोलणं कळत नाही म्हणून तिनं मलाच सोबत घेतलं. तिच्या रक्तात काही नव्हतं. आईच्या रक्तात होतं. माझ्याही. आईला समजावायला येते, असं बाई म्हणाल्या. मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही.

येताना एसटीत आक्का खिडकीशी बसली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "धाकल्या, तुमच्या घरात निघालं न्हवं?" मी मान हलवली.

"मग आईला कळू देऊ नगंस. पोराला आपूनच मारलं म्हणत झुरंल ती. माझ्यावर हाय, तर ऱ्हाऊ दे माझ्यावर."

मी नको म्हणायला हवं होतं. मला हायसं वाटलं. आईसाठी गप्प आहे, असं स्वतःला सांगत तिच्या आडोशाला राहिलो.

परवा दादाच्या नातवाचं बारसं झालं. बायका 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्यावरून या हातातून त्या हातात देत होत्या. आक्कानं पदर सावरून हात पुढं केले. बाळ तिच्या हातांना वळसा घालून पलीकडच्या बाईकडं गेलं. आक्कानं हात परत पदराखाली घेतले. गाणं चालूच राहिलं.

मी दारातून आत गेलो. बाप्या मधेच आला म्हणून बायकांचं गाणं थांबलं. मी म्हणालो, "आक्काच्या रक्तात काही नाही. विषाणू माझ्या रक्तात आहे. तो आमच्या घरातलाच."

"धाकल्या, गप," आक्का म्हणाली.

आई पाळण्यापाशी बसली होती. तिच्याकडं बघायचा धीर मला झाला नाही. मी आक्काच्या पायांवर हात ठेवले.

"गप राहिलो तेच चुकलं, आक्का. तुझं नाव मी घेतलं, आणि खरं कळल्यावरही तुला एकटीला बसू दिलं. मला माफ कर."