जेवलेल्या माणसाची सही

"जरा लांब बसा हो मावशी. तुमच्या अंगाला वास येतो."

आमच्याकडे उतरलेले साहेब हे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात सुरमईचा घास होता. माझ्या आईने सकाळी बंदरावर घासाघीस करून घेतलेली, तिनेच कापलेली, तिनेच तळलेली सुरमई. पाहुण्यांना काय हवं-नको बघायला ती पडवीच्या कडेला टेकली होती. ती उठली. मागच्या दारी गेली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि येऊन दाराआड उभी राहिली. त्यांच्या बाईसाहेबांनी ताटावरूनच हाक मारली, "शेपटीकडची नको, मधली तुकडी आणा."

मासे हवेत. वास नको. मी सोलकढीचं भांडं धरून उभी होते आणि त्यांच्या वाट्या भरत राहिले. त्या भरलेल्या वाट्यांची मला अजून चीड येते.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्याला. वडील गेल्यावर आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. तिचे गुडघे गेले. म्हणून मी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. आईच्या डोक्यावरची पाटी कायमची उतरवायची, एवढंच मला हवं होतं. सायबर कॅफेत बसून मी इंटरनेटवर खोल्यांचे फोटो टाकले. पाहुण्यांना कार्डाने पैसे भरता यावेत म्हणून एका कंपनीकडे खातं उघडलं. कंपनीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, विक्रेत्याला पूर्ण संरक्षण. मी ते वाचलं आणि देवाचा शब्द असल्यासारखं खरं मानलं.

साहेब पुण्याचे, मोठ्या पगाराचे. बायको आणि दोन मुलं घेऊन तीन दिवस राहिले. निघताना मी एक कागद पुढे केला. इथे राहिलो, जेवलो, खाली सही. कॅफेवाल्याने मला बजावलं होतं, सही घेतल्याशिवाय कुणाला सोडू नको. आईने तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"जेवलेल्या माणसाची सही घेतत काय गो? पावणे ते. काय म्हणतले?"

त्यांचा अपमान होईल म्हणून! ज्यांनी तिला दाराआड उभं केलं, त्यांच्या मानाची तिला काळजी. वर तिने सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पुडी दिली. बाईसाहेबांनी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. त्या पुडीचा वास मात्र त्यांना चालला.

महिन्याभराने पैसे गेले. साहेबांनी आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली होती आणि त्यांना सगळी रक्कम परत मिळाली होती. आम्ही ती केव्हाच खर्चून बसलो होतो. मग पुढच्या पाहुण्यांनी भरलेले पैसेही कंपनीने कापून घेतले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी कॅफेतल्या पडद्यावर वाचल्या. "घरात असह्य दुर्गंधी होती. दारातूनच परत फिरलो. राहिलो नाही, जेवलो नाही."

दुर्गंधी. हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते मला ठाऊक होतं. माझ्या आईच्या अंगावरून.

कंपनीने विचारलं, पाहुणे राहिल्याचा सही केलेला पुरावा आहे का? नव्हता. मग त्यांनी कळवलं की तसंही संरक्षण कुरिअरने पाठवलेल्या वस्तूंना असतं, राहण्याजेवण्याला नसतं. हे बारीक अक्षरांत खाली लिहिलेलं होतं म्हणे. पोटात गेलेल्या सुरमईची पोच कुठल्या कुरिअरवाल्याने द्यायची?

मी साहेबांना फोन लावला. ते जराही चिडले नाहीत.

"पुरावा आहे का तुमच्याकडे? नाही ना? हे बघा, मी काही वाईट माणूस नाही. घरात वास होता, आमचं चुकलं, असं आईच्या सहीने लिहून पाठवा. अर्धे पैसे देऊन टाकतो. नाहीतर इंटरनेटवर असं लिहीन, की तुमच्याकडे कुत्रं फिरकणार नाही."

त्यांची सही मागायला आम्हाला लाज वाटली होती. आईची सही मागायला त्यांना काहीच वाटलं नाही.

मी आईला सांगितलं. तिने पदराला हात पुसले. "लिवन दी गो. मासळेचो वास येताच मा. माका सही करूक येता."

येत होती. साक्षरतेच्या वर्गात, चाळिशी उलटल्यावर शिकलेली सही. आजवर तिने ती फार थोड्या ठिकाणी केली होती, आणि दरवेळी घरी येऊन मला सांगितलं होतं. त्या सहीने ती आता स्वतःला घाण म्हणणार होती.

"मी लिवचंय नाय, आये."

"मगे खातलव काय?"

खायचं काय, हा तिचा प्रश्न खरा होता. तरी मी फोन केला. म्हटलं, "माझ्या आईच्या अंगाला मासळीचा वास येतो. तीच मासळी तुम्ही तीन दिवस बोटं चाटून खाल्लीत. सही मिळणार नाही."

ते हसले. "मग बसा मासे विकत."

त्यांनी लिहायचं ते लिहिलं. त्या हंगामात आमच्या दारात गाडी थांबली नाही. आईने गुडघ्याला फडकं बांधलं आणि पाटी उचलली. मी तिच्या हातातून घेऊन माझ्या डोक्यावर ठेवली. पाटीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. आई मागून लंगडत येत होती. माझ्या एका 'नाही'ची किंमत तिचे गुडघे देत होते, हे मला ऐकू येत होतं. तरीही मला पश्चात्ताप झाला नाही.

पुढच्या हंगामात खोल्या पुन्हा उघडल्या. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात. मी ते बंद केलं. आधी ओळखपत्र, आधी सही, आधी निम्मे पैसे रोख. मग पाणी.

परवा मुंबईचे एक गृहस्थ पायरीवरच रागावले. "आमच्यावर विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

आई आतून मासळी कापता कापता उठून आली आणि सवयीने साबणाकडे वळली.

"हात धुव नको, आये. कागद तूच दी."

तिने तसाच ओल्या हाताने कागद त्यांच्यापुढे धरला. तिच्या मनगटाला खवलं चिकटली होती. ज्याला वास येत असेल त्याने दारातूनच परत फिरावं. या वेळी खरोखर.