वहीतला पाऊस

आमच्या अव्वल कारकुनाइतका आळशी माणूस मी पाहिलेला नाही. आळसालाच अनुभव म्हणून मिरवणारा तर दुसरा झालाच नसेल. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत मी तेव्हा नवा कारकून होतो. कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. रोज सकाळी त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं, वहीत लिहायचं आणि पुण्याच्या वेधशाळेला कळवायचं, एवढंच काम. अव्वल कारकून खुर्चीतून खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "अंगण ओलं दिसतंय. लिही चाळीस सेंट."

सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. मी लिहीत असे. माझं अक्षर वळणदार, म्हणून वही माझ्याकडे होती.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आलं की दक्षिण अमेरिकेकडे हवेचा दाब कमी आहे, तेव्हा यंदा आपल्याकडे पाऊस बेताचाच राहील. अव्वल कारकुनांनी ते मोठ्यानं वाचलं. "अमेरिकेत कुणी शिंकलं की आमच्या मंद्रूपची ज्वारी वाळणार म्हणे!" बसायला आलेले वकील आणि हायस्कुलातले मास्तर पोट धरधरून हसले. हे मास्तर भूगोल शिकवत. मीही हसलो. वरिष्ठ हसले की हसायचं, इतपत नोकरी मला कळू लागली होती.

भाद्रपदात वेधशाळेचा माणूस आला. तरुण, किडकिडीत, कोट धुळीनं भरलेला. आमचे आकडे शेजारच्या पाऊस मोजणाऱ्या ठाण्यांशी जुळत नव्हते, म्हणून आला होता. चहा येईपर्यंत अव्वल कारकुनांनी त्याला तोच शिंकेचा विनोद ऐकवला.

तो चिडला नाही. "ऐकायला विचित्र वाटतं खरं," तो म्हणाला. "पण तिकडच्या समुद्रावरचा दाब उतरला की इकडे हिंदी महासागरावरचा चढतो. तराजूच्या पारड्यांसारखं आहे ते. मग पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांचा जोर कमी पडतो. असं का होतं, ते अजून पुरतं उमगलेलं नाही. समुद्र तापण्या-निवण्याशी संबंध असावा, असा आमचा तर्क आहे. म्हणून तर आकडे हवेत. जसे चिलीचे, तसेच तुमचे."

"असेल, असेल," अव्वल कारकून म्हणाले. "पुस्तकात ठीक आहे. आम्ही इतके पावसाळे पाहिले, ते काय उगीच?"

"चला, भांडं बघू."

आमच्या कचेरीतल्या, मंद्रूपकडच्या शिपायानं वरचं नरसाळं काढलं आणि हात मागं घेतला. "सायेब, हितं गांधीलमाशीचं पोळं हाय की!" नरसाळ्याचं तोंड बुजलेलं होतं. खालची बाटली कोरडी ठणठणीत, तळाला तडकलेली. वहीत मात्र त्याच सकाळचा पाऊस नोंदलेला होता.

"अक्षर कुणाचं?" वेधशाळेच्या माणसानं विचारलं.

"माझं."

"सुरेख आहे." एवढंच बोलून त्यानं लाल पेन्सिल काढली आणि तीन वर्षांच्या पानांवर एकेक तिरकी रेघ ओढत गेला. "आता हे कुठल्याच गणितात घेता येणार नाही."

त्या साली पाऊस खरोखरच कमी झाला. वकील, मास्तर त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या साली अंदाज चुकला, तेव्हा मात्र आठवडाभर त्याच गप्पा. असल्या माणसांना शिकलेले म्हणायचं.

अव्वल कारकुनांची नोकरी जाईल, असं मला वाटलं होतं. त्यांनी शिपायाच्या हलगर्जीपणाचा रिपोर्ट केला. शिपायाची करमाळ्याला बदली झाली. अव्वल कारकून बढतीवर बार्शीला गेले. निरोपसमारंभात मास्तरांनी त्यांच्या अनुभवाची तोंडभर स्तुती केली. मीही टाळ्या वाजवल्या.

शिपाई निघाला त्या दिवशी बोचकं घेऊन माझ्या टेबलाशी आला. "रावसायेब, रिपोटबी तुमीच लिवला न्हवं?"

"हो."

"वाटलंच. लई चांगलं अक्षर हाय तुमचं."

तो टोमणा होता की भाबडेपणा, हे मी विचारलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात कधीच नव्हती.